रेझ्युमे लिहिताना आधी जाहिरात वाचा

रेझ्युमे लिहायला बसलात की आधी ज्या नोकरीसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात समोर ठेवा. तिच्यातली कौशल्यं, सॉफ्टवेअरची नावं, कामाचं स्वरूप अधोरेखित करा. त्यातलं जे तुम्हाला खरंच येतं, ते रेझ्युमेत त्याच शब्दांत यायला हवं. जाहिरातीत ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’ असताना तुम्ही ‘स्टॉक सांभाळला’ लिहिलंत, तर अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ते लक्षात येईलच असं नाही. घाईतल्या एचआरच्याही नाही.

मग एक कच्ची यादी करा: प्रत्येक नोकरीतलं पद, संस्था, महिना-वर्षासकट कालावधी आणि केलेली सगळी कामं. ही कितीही लांबू दे, कुणाला पाठवायची नाहीये. दर अर्जाला तिच्यातून निवड करायची.

रेझ्युमेत सगळ्यात वर नाव, फोन, ईमेल, शहर. खाली दोन-तीन ओळींत ओळख, मग अनुभव (ताजी नोकरी आधी), शिक्षण, कौशल्यं. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर शिक्षण आणि प्रोजेक्ट वर घ्या. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ वगैरे वाक्यं सरळ उडवा.

खरी मेहनत अनुभवाच्या ओळींवर घ्यायची. बहुतेक जण तिथे नुसत्या जबाबदाऱ्या उतरवतात: ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे’. त्या पदावरचा कुणीही हेच लिहील. त्याऐवजी असं लिहा: ‘रोज सरासरी ४० तक्रारी सोडवल्या, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवून उत्तराला लागणारा वेळ २ दिवसांवरून ६ तासांवर आणला.’ काय केलं, कसं केलं आणि त्याने काय फरक पडला, हे तिन्ही एका ओळीत आलं. फरक मोजता येत नसेल तर कामाचा आवाका सांगा: टीममध्ये किती जण, महिन्याला किती बिलं, किती शाखा. आकडा मात्र फुगवू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. ताज्या नोकरीला ४ ते ६ ओळी द्या, जुन्यांना एक-दोन पुरतात. मध्ये खंड पडला असेल तर तारखांची लपवाछपवी नको. कारण एका ओळीत लिहून मोकळे व्हा.

अनुभव कमी असेल तर एक पान, जास्त असेल तर दोन. अक्षर १० ते १२ पॉइंट, समास साधारण २ सेंटिमीटर. टेबल, दोन रकाने आणि टेक्स्ट बॉक्स टाळा. काही सॉफ्टवेअर त्यांतला मजकूर उलटसुलट वाचतात. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर तर कधीकधी गायबच होतो. कौशल्यांपुढे तारेही नकोत. एक्सेलला पाचपैकी चार तारे म्हणजे नेमकं काय येतं?

पीडीएफ झाली की तिच्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम बिघडला किंवा अक्षरं तुटली, तर मांडणी आणखी साधी करा. शेवटी प्रिंट काढून खालून वर एकेक ओळ वाचा. स्क्रीनवर निसटलेल्या चुका कागदावर सापडतात. फाइलला ‘फायनल २’ नव्हे, स्वतःचं नाव आणि पद द्या.