एसआरव्ही रेकॉर्ड लावताना या चुका टाळा (मी दोन रात्री घालवल्या, तुम्ही नका घालवू)

भाचा नववीत आहे, सुट्टीत त्याने मित्रांसोबत खेळायला माइनक्राफ्टचा सर्व्हर भाड्याने घेतला. माझ्याकडे एक डोमेन नुसतंच पडून होतं ते मी त्याला देऊन टाकलं. होस्टिंगवाल्याने पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा दार क्रमांक) दिला २५५८०, नेहमीचा २५५६५ नाही, त्यामुळे दरवेळी नावापुढे कोलन देऊन आकडा टाकायचा, आणि पोरांना त्याचा कंटाळा. म्हटलं एसआरव्ही रेकॉर्ड (डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली, एक नोंद) टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. कसलं काय.

ए रेकॉर्ड आपल्या नावाचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, सांगतो, पोर्टबद्दल त्याला काही देणंघेणं नाही. एसआरव्ही सांगतो की या नावावर ही सेवा पाहिजे असेल तर अमक्या सर्व्हरच्या तमक्या पोर्टवर जा. (खाली नावं देवनागरीत लिहितोय, पॅनेलमध्ये, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड भरतो त्या पानावर, अर्थातच इंग्रजी अक्षरातच टाका.)

माझी पहिली रात्र गेली ती नावाच्या रकान्यात. मी तिथे पूर्ण नाव टाकलं, म्हणजे _माइनक्राफ्ट._टीसीपी आणि पुढे अख्खं डोमेन. आमचं पॅनेल शेवटी डोमेन आपणहून जोडतं, त्यामुळे रेकॉर्ड तयार झाला तो डोमेनला डोमेन चिकटून, आणि पॅनेल मात्र सगळं व्यवस्थित सेव्ह झालं असंच सांगत होतं. काही पॅनेलमध्ये सर्व्हिस, प्रोटोकॉल, नाव असे वेगळे रकाने असतात, काही अंडरस्कोर स्वतः लावतात आणि मग आपण पण लावला की दोन होतात. टार्गेटच्या (ज्या सर्व्हरकडे पाठवायचं त्याच्या) रकान्यातही हाच घोळ, शेवटी टिंब दिलं नाही तर काही ठिकाणी त्यालाही डोमेन चिकटतं. म्हणून सेव्ह केल्यावर यादीत पूर्ण नाव कसं दिसतंय ते एकदा नीट वाचा.

दुसरं म्हणजे पोरं जे नाव टाईप करणार तेच रेकॉर्डमध्ये पाहिजे. ती 'प्ले डॉट डोमेन' टाकत असतील तर रेकॉर्ड _माइनक्राफ्ट._टीसीपी.प्ले असा हवा. नुसत्या डोमेनवर लावलेला प्ले ला लागू होत नाही.

टार्गेटमध्ये आयपी टाकायचा नाही. होस्टचं नाव टाकायचं, आणि त्या नावाला स्वतःचा ए किंवा एएएए (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड पाहिजे. सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) असेल तर कधी चालतं कधी नाही, एसआरव्हीचे नियम ठरवणाऱ्या २००० सालच्या आरएफसी २७८२ मध्ये ते सरळ मना केलंय. डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर त्या ए रेकॉर्डचा नारिंगी ढग (प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, चालू असल्याची खूण) बंद करून राखाडी करा, कारण तो साधा प्रॉक्सी वेबसाईटच्या ट्रॅफिकसाठी आहे, गेमचं त्यातून जात नाही.

आकड्यांचा क्रम प्रायॉरिटी, वेट, पोर्ट असा. मी एकदा घाईत वेटमध्ये पोर्ट आणि पोर्टमध्ये ५ टाकला होता, पॅनेलने हू की चू केलं नाही, त्याच्या लेखी सगळे नुसते आकडेच. प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका तो सर्व्हर आधी, वेटचं उलट, मोठ्या आकड्याला जास्त वाटा, आणि तोही प्रायॉरिटी सारखी असेल तरच. एकच सर्व्हर असेल तर ० आणि ५ टाका नि विसरून जा.

दुसऱ्या रात्रीचं कारण जास्त वैताग देणारं होतं. रेकॉर्ड टाकायच्या आधीच भाचा "मामा, झालं का, मामा, झालं का" करत सारखा कनेक्ट करून बघत होता. आता 'असा रेकॉर्ड नाही' हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) लक्षात ठेवतो, आणि किती वेळ ते झोनच्या (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डच्या संचाच्या) एसओए या मुख्य रेकॉर्डवरून ठरतं. म्हणजे आपण बरोबर रेकॉर्ड टाकला तरी घरच्या वायफायला जुनं 'नाही'च ऐकू येतं, आणि मी मात्र चूक शोधत चांगला रेकॉर्ड बिघडवत बसलो. नंतर टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा) कमी करूनही उपयोग नसतो. आधी रेकॉर्ड टाका, मग तपासा.

तपासायचं पण गेम उघडून नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवा, टाईप एसआरव्ही द्या, पूर्ण नाव द्या, आणि डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला (त्याचे रेकॉर्ड जिथे ठेवलेत त्या सर्व्हरला) थेट विचारा. तिथे उत्तर बरोबर आलं तर फक्त थांबायचंय. तिथेच नसेल तर तुम्ही बहुतेक चुकीच्या पॅनेलमध्ये बदल करताय, डोमेन घेतलं एकीकडे आणि नेमसर्व्हर दुसरीकडे वळवलेले, हे फार जणांचं होतं. आणि पोर्टसकट टाकून गेम चालतोय पण नुसत्या नावाने नाही, तर सर्व्हर ठीक आहे, घोळ एसआरव्हीतच आहे, फायरवॉलला हात लावू नका.

एकाने मला विचारलं की ८०८० पोर्टवरची वेबसाईट अशी नुसत्या नावाने उघडेल का. नाही, ब्राउझर एसआरव्हीकडे बघतच नाहीत, त्यासाठी रिव्हर्स प्रॉक्सी (पुढे बसून मागच्या पोर्टकडे पाठवणारा सर्व्हर) लावा.

माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्तीही (मोबाईलवर चालते ती) एसआरव्हीकडे बघत नाही, हे सगळं फक्त कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीवाल्यांसाठी. भाच्याचे दोन मित्र मोबाईलवरून गीझर प्लगिनने (बेडरॉकवाल्यांना जावा सर्व्हरवर येऊ देतं ते) येतात, ते अजून पोर्ट हातानेच टाकतात आणि मलाच विचारतात की काका, आमचं कधी करणार.