वेबिनार आर्सेटचा, नकाशा शिरोळचा

मी सांगली भागात भूगोल शिकवते. एम.ए.ची मुलं दरवर्षी विचारतात, "मॅडम, उपग्रहाच्या डेटावर काम करायला कुठं शिकायचं? क्लासची फी परवडत नाही." माझं उत्तर ठरलेलं आहे. उपग्रहाचा डेटा वापरायला शिकवणाऱ्या नासाच्या आर्सेट उपक्रमाचे वेबिनार बघा, उपग्रहचित्रांवर प्रक्रिया करणारं युरोपीय अंतराळ संस्थेचं स्नॅप लॅपटॉपवर घाला आणि नकाशा मांडायला क्यूजीआयएस वापरा. वेबिनार मोफत आहेत, दोन्ही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही २००७ पासून चालू आहेत. पाया कच्चा असेल तर आधी ते करा, भाषा आणि वेळ दोन्ही सोयीचे पडतात.

एक अट मात्र मी घालते. वेबिनारमध्ये दाखवतात त्या दूरदेशीच्या डेटावर थांबायचं नाही. मोझांबिकमधल्या पुराचा नकाशा बरोबर आला की चुकला, हे आपल्याला कसं कळणार? शिरोळ तालुक्याचा काढला तर कुरुंदवाडची मुलगी बोट ठेवून सांगते, "इथं पाणी आलंच नव्हतं." म्हणून ऑगस्ट २०१९ चा महापूर घ्या. त्याचा डेटा उपलब्ध आहे आणि ज्यांनी तो पाहिला ती माणसं शेजारीच आहेत.

वेबिनारच्या आधी दोन-तीन दिवस तयारीला ठेवा. वेळ नीट मांडून घ्या: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी दहाचं सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येतं, कारण ते घड्याळ पुढंमागं करतात. प्रमाणपत्र हवं असेल तर थेट सत्रांना हजेरी आणि मुदतीत गृहपाठ लागतो, नोंदणी करतानाच अट वाचा. स्नॅप आधीच इन्स्टॉल करून एकदा उघडून बघा. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते अडकतं. आठ जीबीवर छोटा भाग कापून घेतला तर चालतं, सोळा असेल तर उत्तम. शक्य असेल तर वेबिनार मोबाइलवर लावा आणि लॅपटॉपची पूर्ण स्क्रीन स्नॅपला द्या.

डेटा युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचा घ्या. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यासारखं टिपणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रात पांढऱ्या ढगांशिवाय काही दिसत नाही. सेंटिनेल-१ रडार आहे, ते ढगातूनही बघतं आणि रात्रीही. दोन चित्रं लागतात, एक पुराआधीचं आणि एक पुरातलं. दोन्ही एकाच कक्षेतली, म्हणजे एकाच सापेक्ष कक्षा क्रमांकाची निवडा, नाहीतर बघण्याचा कोन बदलतो आणि तुलना फसते. एकच उपग्रह त्याच कक्षेवर बारा दिवसांनी परततो, त्यामुळे बारा किंवा चोवीस दिवसांच्या अंतराची जोडी शोधा. पुरातली तारीख ठरवताना सांगलीच्या आयर्विन पुलाची आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची त्या आठवड्यातली पाणीपातळी समोर ठेवा. उपग्रह गेला तेव्हा पाणी चढतं होतं की ओसरतं, हे माहीत असल्याशिवाय नकाशाचा अर्थ लागत नाही.

जुनी रेकॉर्डिंग बघणाऱ्यांनी इथं सावध राहा. त्यात डेटा उतरवायला जे सायहब नावाचं संकेतस्थळ दाखवतात, ते २०२३ मध्ये बंद झालं. आता त्याच्या जागी आलेल्या कोपर्निकस डेटा स्पेसवर खातं उघडायचं. बाकीची प्रक्रिया तीच आहे, म्हणून रेकॉर्डिंग टाकून देऊ नका. एक फाइल साधारण एक जीबीची असते, कॉलेजच्या नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर न्या.

स्नॅपमधला क्रम असा: आधी सबसेट करून नृसिंहवाडीचा संगम मध्यभागी येईल असा तुकडा कापा. मग ऑर्बिट फाइल (उपग्रहाची नेमकी जागा), कॅलिब्रेशन (आकडे प्रमाणित करणं), स्पेकल फिल्टर (चित्रातले कण-ठिपके कमी करणं), रेंज डॉप्लर टेरेन करेक्शन (चित्र नकाशावर नीट बसवणं) आणि शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर. पुरातल्या चित्रावर प्रत्येक पायरी हातानं एकदाच करा. दुसऱ्या वेळी ग्राफ बिल्डरमध्ये हीच साखळी जोडून सेव्ह करा आणि पुराआधीच्या चित्रावर चालवा. दोन्ही चित्रांवर अगदी तीच प्रक्रिया झाली, ही खात्री त्यातून मिळते. माझ्या मते अख्ख्या वेबिनारमधून एकच गोष्ट शिकायची असेल तर ही.

शांत पाणी रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे परतवतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या उजळपणाचे किती ठिपके आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, पाण्याचा आणि जमिनीचा असे दोन उंचवटे दिसतील, त्यांच्या मधल्या खोलगट जागी पाणी आणि जमीन वेगळी करणारी सीमा ठेवा. वेबिनारमधला आकडा उतरवून घेऊ नका. वारा असेल तर पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी उजळ दिसतं, त्यामुळे प्रत्येक चित्राची सीमा वेगळी येते. पुराआधीच्या चित्रातलं पाणी, म्हणजे नेहमीचं नदीपात्र आणि तळी, वजा केलं की उरतो तो पूर. तो जिओटिफ, म्हणजे जागेच्या माहितीसह चित्राची फाइल, करून क्यूजीआयएसमध्ये गावांच्या सीमांवर ठेवा.

आता खरी तपासणी. शिरोळ म्हणजे उसाचा मुलूख. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस वर्षाचा होऊन माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. सेंटिनेल-१ ची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची, ती या दाट पाल्यातून खालच्या पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. परिणामी कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला ऊस नकाशावर कोरडा दिसू शकतो. जिथं ऊस पूर्ण बुडाला, तिथंच पाणी दिसतं. हा नकाशा तसाच पंचायतीला दिला तर ज्या शेतकऱ्याचा ऊस उभ्या उभ्या कुजला, त्याचं नुकसान कागदावर येणारच नाही. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात ही मर्यादा स्पष्ट लिहा आणि गावात भिंतींवर पूररेषेच्या खुणा केलेल्या असतील तर त्या जीपीएसनं नोंदवून वर ठेवा.

उसाखालच्या पाण्याचा प्रश्न पुढच्या थेट सत्रात विचारा. साध्या इंग्रजीत दोन ओळी आधीच लिहून ठेवा: कुठलं पीक, किती उंच, कुठली तारीख, कुठली कक्षा. एवढा तपशील दिला की प्रशिक्षकांनाही नेमकं उत्तर देता येतं.