हिरडा की अंजनी? मधातले पराग ओळखायला शिकताना

मध कोणत्या झाडांच्या मकरंदाचा हे त्यातल्या परागांवरून शोधायचं, म्हणून एमएस्सीच्या प्रबंधासाठी महाबळेश्वरच्या रानातला मध घेतला, तेव्हा वाटलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली पराग पाहायचे, पुस्तकातल्या चित्रांशी जुळवायचे, की झाडाचं नाव मिळालं. पहिल्याच काचपट्टीवर एक लहानसा कण भरपूर होता: सहा खाचा, तीन खाचांत छिद्र, मधल्या तीन नुसत्या. मी वहीत ‘हिरडा’ लिहिलं. सरांनी विचारलं, “अंजनी कशावरून नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिरडा आणि अंजनी वेगवेगळ्या कुळांतले, पण परागांची घडण जवळपास सारखी. त्यात महाबळेश्वरात दोन्ही झाडं भरपूर. जांभळाचा छोटा त्रिकोणी कण चटकन कळतो, पण तोही ‘जांभूळ’ म्हणून लिहिताना त्याच्या कुळातली बाकीची झाडं आठवावी लागतात.

म्हणून मध हातात घेण्याआधी संदर्भ-स्लाइडचा, म्हणजे ओळखीच्या झाडांच्या परागांच्या काचपट्ट्यांचा, संच करा. वनखात्याची परवानगी काढा, वर्षभर रानात फिरा, उमलायला आलेल्या कळ्यांचे परागकोश जमवा आणि पाकिटावर तारीख, जागा लिहा. कारवी साधारण आठ वर्षांनी फुलते. तुमच्या वर्षी ती नसेल, तर जुन्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यावरून तिचा पराग मिळवावा लागेल.

प्रयोगशाळेतलं काम त्यामानाने सरळ. 10 ग्रॅम मध 20 मिली कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा (यंत्रात वेगाने फिरवायचा), तळाला बसलेला परागांचा गाळ घ्यायचा. कणावरची नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून अ‍ॅसिटोलिसिस करतात, म्हणजे गाळावर आम्लांच्या मिश्रणाची प्रक्रिया करतात: अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड 9 भाग, सल्फ्युरिक आम्ल 1 भाग. हे मिश्रण पाण्याशी फार जोरात भडकतं, त्यामुळे आधी ग्लेशियल (जवळपास पाणी नसलेल्या) अ‍ॅसिटिक आम्लाने गाळातलं पाणी पूर्ण काढा आणि सगळं फ्यूम हुडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. इथे घाई अजिबात नको.

मग मोजणी. मी दर नमुन्यात किमान 300 कण मोजत असे. एका प्रकारचे पराग 45 टक्क्यांहून जास्त असले तर ते प्रमुख, 16 ते 45 टक्के असले तर दुय्यम. गवताचे पराग दिसले तर त्यांना मधाचा स्रोत धरू नका. गवताच्या फुलात मकरंदच नसतो.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र प्रयोगशाळेबाहेरची होती. आग्या मोहोळाचा मध मी पोळं पिळून काढलेला घेतला. त्या पोळ्यात मध वरच्या जाड भागात, त्याखाली परागांची पट्टी आणि खाली पिलावा, म्हणजे पिलांचा भाग, असतो. अख्खं पोळं पिळलं, की माश्यांनी पिलांसाठी साठवलेले परागही मधात उतरतात आणि टक्केवारीचा मकरंदाशी संबंध उरत नाही. चार महिन्यांची मोजणी मला बाजूला ठेवावी लागली. दुसऱ्या हंगामात मध काढणाऱ्या काकांबरोबर स्वतः गेले, फक्त वरचा मधाचा भाग वेगळा कापून मागितला आणि तो न पिळता फडक्यातून निथळू दिला.