फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्ट लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल कशी ठेवावी

गावातल्या पोट्ट्यांनी मिळून इंग्लंडच्या प्रीमियर लीगची ड्राफ्ट लीग (खऱ्या खेळाडूंतून पाळीपाळीने आपापला संघ निवडायचा अन् त्यांच्या खेळावर गुण मोजायचे) काढली असेल, तर भांडण हमखास खेळाडू बदलण्यावरून होते. ड्राफ्टमध्ये एक खेळाडू एकाच संघात असतो. त्यामुळे मोकळ्या खेळाडूवर सगळ्यांचाच डोळा.

'जो आधी टॅप करेल त्याचा' ही पद्धत आपल्याकडे अन्यायाचीच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत एक भाऊ वावरात, मोबाईलला एक कांडी नेटवर्क. दुसरा तालुक्याला वायफायवर बसलेला. म्हणून वेव्हरवरच, म्हणजे मोकळ्या खेळाडूसाठी आधी मागणी नोंदवून ठरल्या वेळी क्रमाने वाटप करण्याच्या पद्धतीवरच, भर द्या. आपली पसंती क्रमाने आधीच, रात्री निवांत नोंदवून ठेवायची. गुणतक्त्यात जो खाली, त्याला पहिला हक्क. वेव्हर गेमवीकच्या (सामन्यांच्या एका फेरीच्या) डेडलाइनच्या २४ तास आधी लागतात. डेडलाइन म्हणजे संघ पक्का करायची शेवटची वेळ, पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी. हिवाळ्यात शनिवारी पहिला सामना आपल्या सायंकाळी ६ वाजता असेल, तर डेडलाइन ४.३० ची, म्हणजे वेव्हर शुक्रवारी ४.३० ला. गुरुवारी रात्रीच ग्रुपवर आठवण टाका.

दोघांमधल्या सौद्यांवर मात्र करडी नजर हवी. शेवटच्या महिन्यात हरलेला गडी आपला हुकमी स्ट्रायकर दोस्ताला देऊन टाकतो, अन् बाकीच्यांची वर्षभराची मेहनत वाया जाते. मार्चनंतर सौदे बंद, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. सौदा नुसता तोट्याचा वाटला म्हणून अडवू नका. संगनमत दिसले तरच अडवा. ॲडमिनच्या स्वतःच्या सौद्याला मंजुरी दुसऱ्या कोणाची तरी घ्या.