चंद्रवेलीला खत कधी द्यायचं आणि कधी हात आखडायचा

मूनफ्लॉवर, म्हणजे चंद्रवेल. तिन्हीसांजेला उमलणारी, तळहाताएवढी शुभ्र, सुवासिक फुलं. ऊन चढलं की मिटतात. हिचं शास्त्रीय नाव इपोमिया आल्बा. रताळं, गारवेल यांच्याच कुळातली. रोपवाटिकेत कधीकधी धोतऱ्यालाही मूनफ्लॉवर म्हणतात, म्हणून घेताना पाहा: वेल आणि हृदयाकृती पानं असतील तरच ही चंद्रवेल.

या वेलीबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे "पानं भरपूर, फूल एकही नाही." याचं कारण बहुतेक वेळा उपासमार नसून अतिलाड असतं.

बी तयार करणं

बी साधारण हरभऱ्याएवढं आणि फार टणक असतं. तसंच पेरलं तर पाणी आत शिरत नाही आणि ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं. बियाचा डोळा (शेंगेला जोडलेल्या जागेची खूण) सोडून दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपरवर घासा किंवा नेलकटरने किंचित टवका काढा. आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेलं बी पेरायचं. न फुगलेलं पुन्हा घासून भिजवायचं. २४ तासांपेक्षा जास्त भिजवलं तर कुजतं.

मेअखेर ते जून ही पेरणीची चांगली वेळ. कागदी पेल्यात इंचभर खोल, एका पेल्यात दोन बिया. उबेत आठ-दहा दिवसांत कोंब येतो. पहिली दोन पानं खोल दुभंगलेली दिसतात, ती रोगट नव्हेत. कोकणात पेले पागोळीखाली ठेवू नका, धारेने बी उघडं पडतं.

कुंडी आणि आधार

खरी तीन-चार पानं आली की मातीचा गोळा न फोडता रोप पेल्यातून कुंडीत लावा, कारण मुळं दुखावली की वेल बरेच दिवस रुसून बसते. कुंडी किमान १४ इंची, तळाला भोकं मोकळी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं.

आधार त्याच दिवशी लावा. वेल स्वतः गुंडाळत चढते, पण जाड खांब तिला पकडता येत नाही. सुतळी, तार किंवा नायलॉनची जाळी द्या. फूटभर वाढली की शेंडा खुडा, फांद्या वाढतात.

खताचं वेळापत्रक

रोप लावून महिना झाला की मूठभर गांडूळखत मातीत मिसळा. पाने फिकट असतील तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) एक ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, एकदाच. त्यानंतर नत्र बंद! जीवामृत, शेंगदाणा पेंडेचं पाणी, शेणाची स्लरी, युरिया, सगळंच. नत्र मिळत राहिलं की वेल पानंच काढत बसते.

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ०:५२:३४ हे नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत दोन ग्रॅम प्रति लिटर, कुंडीला अर्धा ते एक लिटर, दर पंधरा दिवसांनी. आधी साधं पाणी घाला, मग खत. कोरड्या मातीत दिलं तर मुळं भाजतात. सेंद्रियच हवं असेल तर बोनमील (हाडांचा चुरा) लागवडीच्या वेळीच दोन चमचे मिसळा, कारण ते फार हळू विरघळतं. केळीच्या सालींच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नये.

जमिनीत लावलेल्या वेलीला बहुधा यातलं काहीच लागत नाही.

तरीही फुलं नसतील तर

दिवस लहान होऊ लागले की ही वेल कळ्या धरते, त्यामुळे ऑगस्टमध्ये घाबरून खतं ओतू नयेत. गॅलरीतला किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर वेलीवर पडत असेल तर बहर लांबतो. जागा बदलणं हाच उपाय.

कळ्या मिटलेल्या छत्रीसारख्या पिळदार दिसतात. त्या पिवळ्या पडून गळत असतील तर ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी सुकतेय. तेव्हा रोज पाणी, गरज पडली तर दोनदा. पावसाळ्यात खालची पानं पिवळी पडत असतील तर उलट पाणी साचतंय.

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग पाच मिली निंबोळी तेल आणि एक मिली द्रव साबण प्रति लिटर. ऊन उतरल्यावर, पण फुलं वाचवून फवारा. शेपटीवर शिंग असलेला जाड सुरवंट दिसला तर हाताने उचला. गंमत अशी की त्याचाच पुढे होणारा मोठा पतंग रात्री या फुलांतला मध प्यायला येतो.

शेंगा धरू दिल्या की बहर कमी होतो. बियांपुरत्या चार-पाच ठेवून बाकीच्या खुडा. त्या तपकिरी होऊन तडकण्याआधी काढा, सावलीत वाळवा आणि बिया मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, त्या विषारी असतात.