इंटिजर मॉडेल अडकलं की सॉल्व्हरला शिव्या घालायच्या आधी हे बघा

इंटिजर मॉडेल म्हणजे ज्यात काही व्हेरिएबल पूर्णांकच असावे लागतात असं गणिती मॉडेल, आणि सॉल्व्हर म्हणजे त्याचं सर्वोत्तम उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर. रात्री रन लावून झोपायचं, सकाळी बघायचं तर गॅप (हातातलं उत्तर आणि बाउंड यांतलं अंतर) अजून ३८ टक्क्यांवरच बसलाय, मग वाटतं मशीनच लहान पडतंय किंवा पैसे भरून मोठा सॉल्व्हर घ्यायला हवा. थांबा जरा. माझ्या बाबतीत तरी बहुतेक वेळा घोळ माझ्याच मॉडेलमध्ये निघालाय.

आधी लॉग उघडा आणि दोनच आकडे बघा, एक आत्तापर्यंत सापडलेलं बेस्ट सोल्यूशन आणि दुसरा बाउंड, म्हणजे याहून चांगलं उत्तर शक्यच नाही अशी सॉल्व्हरने काढलेली मर्यादा. बाउंड हलतोय पण चांगलं सोल्यूशनच सापडत नाहीये, तर हाताने किंवा साध्या ह्युरिस्टिकने (ढोबळ नियमाने) एक बरं सोल्यूशन काढून सुरुवातीलाच भरवा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. पण सोल्यूशन ठीकठाक आहे आणि बाउंड ढिम्म हलत नाही, तर तुमचं एलपी रिलॅक्सेशन (पूर्णांकाची अट काढून सोडवलेलं सोपं मॉडेल, बाउंड त्यातूनच येतो) ढिलं आहे. लँड आणि डॉइग या दोघींनी १९६० साली मांडलेली, शक्यतांच्या फांद्या पाडून तपासणारी ब्रँच अँड बाउंड पद्धत चालतेच मुळी बाउंडवर, कारण ज्या फांदीचा बाउंडच हातातल्या सोल्यूशनपेक्षा वाईट ती छाटायची, आता बाउंडच ढिला असेल तर छाटणार काय, कपाळ?

ढिलाईचं नेहमीचं कारण म्हणजे बिग एम, चालू-बंदच्या अटीत टाकलेला मोठा आकडा. समजा मशीन चालू करायचा खर्च ५००, मागणी ४०, आणि तुम्ही लिहिलं x ≤ १०००० y (x म्हणजे नग, y म्हणजे मशीन चालू तर १, बंद तर ०), कारण मोठा आकडा टाकला की सेफ वाटतं. रिलॅक्सेशन काय करतं, y = ०.००४ घेतं, ४० नग काढून मोकळं होतं आणि खर्च दाखवतं २! तिथे १०००० च्या जागी ४० टाका, y ला १ व्हावंच लागतं आणि बाउंड थेट ५०० वर जातो. एक आकडा बदलला फक्त. म्हणून प्रत्येक कन्स्ट्रेंटचा (अटीचा) एम वेगळा काढायचा, डेटामधून, सगळीकडे एकच चिकटवायचा नाही.

आणि मोठ्या एमचा अजून एक छुपा त्रास आहे. ०.०००००१ इतक्या फरकाला सॉल्व्हर शून्यच समजतो, काहींमध्ये ही सूट याच्या दहापट असते. आता एम जर एक कोटी असेल तर y "शून्य" असताना १० नग गुपचूप निघून जातात, रिपोर्टमध्ये मशीन बंद आणि माल मात्र तयार. मी एकदा दोन दिवस डेटामध्ये चूक शोधत बसलो होतो, चूक ही होती.

दुसरी गोष्ट, कन्स्ट्रेंट कमी म्हणजे मॉडेल हलकं हा गैरसमज सोडा. माल पुरवायच्या २० जागा आणि १०० ग्राहक असतील (y म्हणजे जागा उघडली तर १, x म्हणजे एका ग्राहकाच्या मागणीचा त्या जागेकडून जाणारा हिस्सा) तर "या जागेकडून जाणारा एकूण हिस्सा ≤ १०० y" असे २० कन्स्ट्रेंट पुरतात, पण त्यात १० ग्राहकांना पूर्ण माल देणारी जागा फक्त ०.१ उघडून भागतं. तेच प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं x ≤ y लिहिलं की २००० कन्स्ट्रेंट होतात, पण एकाही ग्राहकाला पूर्ण माल द्यायचा तर जागा पूर्ण उघडावी लागते. बहुतेक वेळा हे दुसरंच आधी सुटतं.

एकसारख्या मशीन असतील तर सिमेट्री तोडा, म्हणजे १ नंबरचं काम २ नंबरपेक्षा कमी नको वगैरे, नाहीतर सॉल्व्हर तेच उत्तर नावं बदलून पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

रिसर्चसाठी करत असाल तर एका रनवर "माझी पद्धत दुप्पट फास्ट" असं लिहू नका प्लीज. नुसता रँडम सीड (सॉल्व्हरच्या रँडम निवडी ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलला किंवा कन्स्ट्रेंटचा क्रम बदलला तरी तोच प्रॉब्लेम कधी मिनिटात सुटतो कधी तासाभरात. निदान पाच सीड घ्या, मिपलिब २०१७ या टेस्ट प्रॉब्लेमच्या संग्रहाच्या बेंचमार्क सेटमध्ये २४० प्रॉब्लेम आहेत त्यातले तुमच्या कामाचे उचला, आणि सरासरी काढताना शिफ्टेड जॉमेट्रिक मीन (प्रत्येक वेळेत एक ठरावीक आकडा मिळवून गुणोत्तर मध्य काढायचा, मग तो आकडा वजा करायचा) वापरा, साध्या सरासरीत एकच रखडलेला रन सगळं चित्र बिघडवतो. हायग्ज (HiGHS) आणि स्किप (SCIP) हे दोन्ही सॉल्व्हर फुकट आणि ओपन सोर्स आहेत, दोन्हीवर चालवून बघा, एकावरच फास्ट दिसलं तर तेही पेपरमध्ये लिहा.