जुनाट दुखण्यावर मालिश: जोरापेक्षा नेम महत्त्वाचा
३ महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणे म्हणतात; विरारहून चर्चगेटपर्यंत रोज लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्यांच्या कंबरेला ही व्याख्या सांगावी लागत नाही. मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात आणि झोपही बरी लागते, परंतु हा आराम बहुधा थोडे दिवसच टिकत असल्याने, कधीतरी सुट्टीत अंग रगडून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा नेमाने मालिश करून घेणे अधिक उपयोगी पडते.

घरी करताना तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे आणि मणक्यावर दाब न देता त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरून अंगठे सावकाश वर सरकवावेत. दुखल्याशिवाय गुण येत नाही, हा समज मला घातक वाटतो. श्वास रोखावा लागला, तर दाब जास्त झाला आहे. मुंबईच्या दमट हवेत तेल अंगावर फार वेळ ठेवू नये, आणि तळवे पुसल्याशिवाय न्हाणीघराच्या लादीवर पाऊल टाकू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा हाडे ठिसूळ झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेथे मुळीच चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.